इंग्रजीतील वर्तमानकाळांचा सराव संवादातून आणि वाचनातून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत चारही वर्तमानकाळांचे तक्ते पाठ झालेले असतात, परीक्षेत गाळलेल्या जागाही बरोबर भरल्या जातात, परंतु समोरच्या माणसाशी दोन वाक्ये बोलायची वेळ आली की नेमके कोणते रूप वापरावे हे सुचत नाही. अशा प्रौढ वाचकांना आणि विद्यार्थ्यांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. वाक्ये मोठ्याने वाचता यावीत म्हणून इंग्रजी उदाहरणेही देवनागरीतच दिली आहेत.

इंग्रजीत वर्तमानकाळ किती आहेत आणि त्यांच्यात फरक कशाचा आहे?

व्याकरणाच्या पुस्तकांत चार प्रकार सांगितले जातात : साधा (सिम्पल प्रेझेंट), चालू (प्रेझेंट कंटिन्युअस), पूर्ण (प्रेझेंट परफेक्ट) आणि चालू पूर्ण (प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस). हे चार प्रकार म्हणजे घड्याळातील चार वेगवेगळ्या वेळा नव्हेत. एकाच माणसाबद्दल एकाच क्षणी "शी राइट्स", "शी इज रायटिंग", "शी हॅज रिटन टू लेटर्स" आणि "शी हॅज बीन रायटिंग सिन्स मॉर्निंग" ही चारही विधाने खरी असू शकतात. पहिल्यात तिचा व्यवसाय किंवा सवय कळते, दुसऱ्यात या घडीला चाललेले काम दिसते, तिसऱ्यात हाती आलेले फळ आणि चौथ्यात त्या कामात गेलेला वेळ. म्हणून काळ निवडताना "हे केव्हा घडते?" यापेक्षा "मला यातले काय सांगायचे आहे?" हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

तक्ते पाठ असूनही बोलताना गोंधळ का उडतो?

तक्ता रूप शिकवतो, निवड शिकवत नाही. बोलताना अडचण येते ती मुख्यतः निवडीची, आणि ती मराठीच्या सवयींमुळे वाढते. मराठीत "काय करतोस?" या एकाच प्रश्नाने आपण नोकरी-व्यवसायही विचारतो आणि हातातले कामही. ऐकणारा प्रसंगावरून अर्थ लावतो. इंग्रजीत मात्र बोलणाऱ्यालाच आधी ठरवावे लागते : व्यवसाय विचारायचा असेल तर "व्हॉट डू यू डू?" आणि हातातले काम विचारायचे असेल तर "व्हॉट आर यू डूइंग?"

याउलट काही ठिकाणी मराठी चालू रूप सहज वापरते आणि इंग्रजी ते नाकारते. "कळतंय का?" हे मराठीत अगदी नैसर्गिक आहे, आणि त्याच ओघात "आर यू अंडरस्टँडिंग?" असे तोंडून निघते, जे "डू यू अंडरस्टँड?" असे असायला हवे. "मी पाच वर्षांपासून इथे राहतो" या वाक्यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो, तर इंग्रजीला तेथे पूर्ण किंवा चालू पूर्ण वर्तमानकाळ लागतो. कोणी हाक मारल्यावर आपण "आलोच!" असे भूतकाळी रूप वापरून उत्तर देतो, इंग्रजीत मात्र "आयम कमिंग" म्हणावे लागते. चुका बहुतेक वेळा याच सांध्यांवर होतात, म्हणून सरावही याच सांध्यांवर व्हायला हवा.

सरावाला कोणत्या काळापासून सुरुवात करावी?

एकेक काळ सुटा घेण्यापेक्षा जोड्या घ्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. आठवडाभर फक्त चालू वर्तमानकाळच घोटणाऱ्याला त्याची रूपे सफाईने येतात, पण मग तो सगळीकडे तेच वापरू लागतो. पहिली जोडी साध्या आणि चालू वर्तमानकाळाची असावी. ती जमली की पूर्ण वर्तमानकाळ घ्यावा, आणि त्याची जोडी साध्या भूतकाळाशी लावावी, कारण गोंधळ खरा तेथे होतो. चालू पूर्ण वर्तमानकाळ सर्वांत शेवटी घेतला तरी बिघडत नाही.

साध्या गप्पांमध्ये चारही वर्तमानकाळ खरोखर येतात का?

येतात, आणि बहुधा आपल्या लक्षातही येत नाहीत. नुकतीच ओळख झालेल्या दोघांमधील हा छोटा संवाद पाहा.

"व्हॉट डू यू डू?"
"आय टीच मॅथेमॅटिक्स."
"आर यू टीचिंग धिस वीक?"
"नो, आयम चेकिंग एक्झॅम पेपर्स."
"हाऊ लाँग हॅव यू बीन चेकिंग देम?"
"सिन्स मंडे."
"हाऊ मेनी हॅव यू चेक्ड?"
"अबाउट फॉर्टी."

पहिल्या उत्तरातील "टीच" हे त्या व्यक्तीच्या व्यवसायाविषयी आहे. बोलण्याच्या क्षणी ती व्यक्ती वर्गात नसली तरी ते विधान खरेच राहते. "आयम चेकिंग" याचा अर्थ या क्षणी हातात लाल पेन आहे असा नाही. या आठवड्यापुरते चाललेले काम एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि चालू वर्तमानकाळाची ही तात्पुरतेपणाची छटा तक्त्यात कधीच दिसत नाही. पुढचे दोन प्रश्न तर मुद्दाम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. "हाऊ लाँग" विचारले की लक्ष वेळेकडे जाते आणि "हॅव यू बीन चेकिंग" येते. "हाऊ मेनी" विचारले की लक्ष संख्येकडे, म्हणजे झालेल्या कामाकडे जाते आणि "हॅव यू चेक्ड" येते. या दोन प्रश्नशब्दांवर कान ठेवला तर शेवटच्या दोन काळांमधील बराच घोळ आपोआप मिटतो.

हाच साचा ठेवून विषय बदलावा. घर बदलणारा, नवे वाद्य शिकणारा, एखादे जाड पुस्तक वाचणारा अशा कोणाशीही याच चार प्रश्नांनी बोलता येते. प्रश्न तेच राहतात, उत्तरे खरी आणि नवी येतात, आणि सरावाला पाठांतराची कळा येत नाही.

बोलायला सोबती नसेल तर काय करावे?

आपण करत असलेल्या कृतींचे मोठ्याने वर्णन करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो : "आयम ओपनिंग द विंडो", "आयम फोल्डिंग द क्लोद्स". तो वाईट नाही, परंतु अपुरा आहे, कारण त्यातून केवळ चालू वर्तमानकाळच घोटला जातो. प्रत्येक कृतीला आणखी दोन वाक्ये जोडावीत. "आयम फोल्डिंग द क्लोद्स. आय युज्वली फोल्ड देम ऍट नाइट. आय हॅव फोल्डेड फाइव्ह शर्ट्स सो फार." एकाच कृतीकडे तीन बाजूंनी पाहण्याची सवय लागली की निवड करणे सोपे जाते.

मोबाइलवर स्वतःचे दोन-तीन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकणेही उपयोगी आहे. मात्र ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी. आज फक्त "एस" सुटला का हे पाहावे, उद्या फक्त प्रश्नांची रचना पाहावी. सगळ्या चुका एकदम शोधायला बसले की दुसऱ्या दिवशी कोणी ध्वनिमुद्रण करत नाही.

"ही", "शी", "इट" यांच्यापुढील क्रियापदाचा "एस" सतत का सुटतो?

कारण अर्थासाठी त्याची गरज पडत नाही. "शी वर्क हिअर" म्हटले तरी ऐकणाऱ्याला कळते, म्हणून कोणी टोकत नाही आणि चूक पक्की होते. दुसरे असे की स्वतःविषयीच बोलत राहिल्यास हा "एस" येतच नाही. सोबत्याला पाच प्रश्न विचारून मिळालेली उत्तरे तिसऱ्या माणसाला सांगावीत, म्हणजे "आय लिव्ह", "आय ट्रॅव्हल" यांचे "ही लिव्ह्ज", "ही ट्रॅव्हल्स" करावेच लागते. त्यासाठी याहून सोपा सराव नाही.

उच्चाराकडेही लक्ष द्यावे, कारण लिहिताना दिसणारा एकच "एस" तीन प्रकारे ऐकू येतो. प, ट, क, फ अशा अघोष (म्हणजे उच्चारताना गळ्यात कंप न होणाऱ्या) ध्वनींनंतर तो "स" होतो : स्टॉप्स, वर्क्स. स्वर आणि घोष (गळ्यात कंप होणाऱ्या) व्यंजनांनंतर तो "झ" होतो : प्लेझ, रीड्झ. आणि स, झ, श, च, ज या ध्वनींनंतर उच्चारात एक पूर्ण अक्षर (सिलॅबल) वाढते : वॉचिझ, वॉशिझ. "से" या क्रियापदाचे रूप तर लिहिताना लांब दिसले तरी "सेझ" असे ऱ्हस्व उच्चारले जाते. जो "एस" ऐकू येत नाही तो बोलण्यातही येत नाही, म्हणून ऐकण्याचा सराव येथे आधी हवा.

प्रश्न विचारताना वाक्याची रचना हमखास चुकते. यावर उपाय काय?

मराठीत "तो कुठे राहतो?" या प्रश्नासाठी वेगळे साहाय्यक क्रियापद लागत नाही. इंग्रजीत लागते. म्हणून "व्हेअर ही लिव्ह्ज?" असे तोंडात येते, जे "व्हेअर डज ही लिव्ह?" असे हवे. येथे "एस" नाहीसा झालेला नाही. तो "डू" कडे जाऊन "डज" झाला आहे, आणि म्हणूनच मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. "डज ही लिव्ह्ज" म्हणणारा तोच "एस" दोनदा मोजतो. नकारातही हीच गोष्ट : "ही डझन्ट लिव्ह हिअर."

बहुतेक जण विधानांचा सराव भरपूर करतात आणि प्रश्नांचा जवळजवळ करतच नाहीत, कारण वर्गात प्रश्न शिक्षक विचारतात. संवादाच्या सरावात म्हणूनच निम्म्याहून अधिक वेळ प्रश्न विचारण्याला द्यावा. नुसते "येस" किंवा "नो" म्हणण्याऐवजी "येस, आय डू", "नो, शी इझन्ट", "येस, दे हॅव" अशी छोटी उत्तरे द्यावीत. त्यासाठी प्रश्नातले साहाय्यक क्रियापद कान देऊन ऐकावेच लागते. आपल्या "ना?" च्या जागी सर्वत्र "इझन्ट इट?" जोडण्याची सवय मात्र सोडावी. "यू वर्क हिअर" नंतर "डोन्ट यू?" येते आणि "शी हॅज लेफ्ट" नंतर "हॅझन्ट शी?"

"आयम नोइंग", "आयम वॉन्टिंग" ही रूपे चूक का मानली जातात?

नो, वॉन्ट, लाइक, बिलीव्ह, बिलाँग, ओन यांसारखी क्रियापदे कृती दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात. माहिती असणे ही सुरू करून थांबवण्याजोगी क्रिया नाही, म्हणून तिला सहसा चालू रूप दिले जात नाही. काही क्रियापदे मात्र अर्थानुसार दोन्हीकडे जातात. "आय थिंक शी इज राइट" हे मत आहे, तर "आयम थिंकिंग अबाउट युअर ऑफर" ही मनात चाललेली क्रिया आहे. "आय हॅव अ कार" यात मालकी आहे, "वी आर हॅविंग अ मीटिंग" यात प्रसंग. अनौपचारिक बोलण्यात आणि जाहिरातींत हा नियम वाकवलेला ऐकू येतो, पण सरावाच्या पहिल्या टप्प्यात त्या वाटेला न गेलेले बरे.

"आय हॅव सीन हिम येस्टरडे" हे वाक्य चुकीचे का आहे?

"मी हे पुस्तक गेल्या वर्षी वाचले आहे" असे मराठीत बिनदिक्कत म्हणता येते. इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळासोबत संपलेली, ठराविक वेळ येत नाही. वेळ सांगितली की साधा भूतकाळ येतो : "आय सॉ हिम येस्टरडे." पूर्ण वर्तमानकाळ हा नावाप्रमाणेच वर्तमानकाळ आहे. घटना मागे घडलेली असली तरी बोलणाऱ्याची नजर आजवर असते. "आय हॅव लॉस्ट माय कीज" म्हणणाऱ्याकडे अजून चाव्या नाहीत. "आय लॉस्ट माय कीज लास्ट वीक" एवढ्यावरून मात्र त्या सापडल्या की नाहीत ते कळत नाही.

संवादात या जोडीची एक ठरलेली चाल आहे. सुरुवात पूर्ण वर्तमानकाळाने होते आणि तपशील भूतकाळात जातो. "हॅव यू एव्हर बीन टू जपान?" "येस, आय हॅव. आय वेंट देअर इन 2019." पुढचे सारे प्रश्न, म्हणजे कोणासोबत, कसे, किती दिवस, हे भूतकाळातच विचारले जातात. ही चाल अंगवळणी पडेपर्यंत "हॅव यू एव्हर" ने सुरू होणारे प्रश्न एकमेकांना विचारत राहावे.

येथेच "बीन" आणि "गॉन" मधील फरकही समजून घ्यावा. "शी हॅज गॉन टू द लायब्ररी" म्हणजे ती तिकडे गेली आहे आणि अजून परतलेली नाही. "शी हॅज बीन टू द लायब्ररी" म्हणजे ती जाऊन आली. "जस्ट", "ऑलरेडी", "येट" या शब्दांबरोबर ब्रिटिश इंग्रजीत प्रामुख्याने पूर्ण वर्तमानकाळ येतो, तर अमेरिकी बोलण्यात साधा भूतकाळही सर्रास चालतो. म्हणून "आय ऑलरेडी एट" ऐकले तर बोलणारा चुकला असे समजू नये.

"सिन्स" आणि "फॉर" यांपैकी केव्हा काय वापरावे?

आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर "सिन्स" (सिन्स मंडे, सिन्स 2020) आणि कालावधी सांगायचा असेल तर "फॉर" (फॉर टू आवर्स, फॉर टेन इयर्स). मराठीत "सोमवारपासून" आणि "दोन तासांपासून" दोन्हीकडे तेच "पासून" असल्यामुळे "सिन्स टू आवर्स" ही चूक होते.

वर्तमानकाळाच्या सरावासाठी वाचायला काय निवडावे?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजी सुधारण्यासाठी कथा-कादंबऱ्या वाचा असे सर्वजण सांगतात, परंतु बहुतेक कथांचे निवेदन भूतकाळात असते. त्यांतून भूतकाळ उत्तम पक्का होतो, वर्तमानकाळ मात्र पात्रांच्या संवादांतच सापडतो. त्यामुळे कथा वाचायची झाल्यास अवतरणचिन्हांतील मजकूर या सरावासाठी वेगळा काढावा, किंवा सरळ नाटके वाचावीत. नाटकात संवादांमध्ये चारही वर्तमानकाळ भेटतात आणि रंगसूचना "शी एंटर्स", "ही सिट्स डाउन" अशा साध्या वर्तमानकाळात लिहिलेल्या असतात.

साध्या वर्तमानकाळासाठी विज्ञान आणि भूगोलावरील सोपे माहितीपर लेखन सर्वांत चांगले : "द मून गोज अराउंड द अर्थ", "मेटल्स एक्स्पांड व्हेन हीटेड". यंत्र कसे चालते, पक्षी घरटे कसे बांधतो, रक्त शरीरात कसे फिरते अशा वर्णनांत ओळीमागून ओळ "एस" लागलेली क्रियापदे येतात. चित्रपटाची किंवा पुस्तकाची गोष्ट थोडक्यात सांगणारे परिच्छेदही रूढीने वर्तमानकाळातच लिहिले जातात. खेळाच्या धावत्या वर्णनातही झटपट घडणाऱ्या कृतींसाठी साधा वर्तमानकाळ येतो ("ही पासेस, ही शूट्स"), तो ऐकून नंतर लिहून काढता येतो.

वृत्तपत्र हे या सर्वांत समृद्ध साधन आहे, पण ते जाणीवपूर्वक वाचावे लागते. मथळ्यांत घडून गेलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात लिहिण्याची प्रथा आहे. "मिनिस्टर रिझाइन्स" याचा अर्थ मंत्री नेहमी राजीनामे देतात असा नाही, त्यांनी तो दिला आहे. त्याच बातमीचे पहिले वाक्य पुष्कळदा "द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड" असे पूर्ण वर्तमानकाळात येते आणि नंतर केव्हा, कुठे, का हा तपशील साध्या भूतकाळात सुरू होतो. म्हणजे संवादात पाहिलेली चालच येथे छापील रूपात दिसते. मथळा, पहिले वाक्य आणि तिसरे-चौथे वाक्य यांतील क्रियापदे एकाखाली एक लिहून काढली की काळ बदलण्याचे कारण डोळ्यांसमोर उभे राहते. मथळ्याची भाषा मात्र बोलण्यात उतरवू नये.

वाचताना नेमके काय करावे?

पहिले वाचन केवळ अर्थासाठी असावे. दुसऱ्या वाचनात एखादाच परिच्छेद घेऊन त्यातील क्रियापदे साहाय्यक क्रियापदांसह अधोरेखित करावीत. नुसते "रायटिंग" अधोरेखित करून चालत नाही, कारण "इज रायटिंग" आणि "हॅज बीन रायटिंग" यांतला सगळा फरक मागच्या शब्दांत आहे. त्यानंतर दोन-तीन क्रियापदांचा काळ मुद्दाम बदलून पाहावा. "ही लिव्ह्ज विथ हिज अंकल" ऐवजी "ही इज लिव्हिंग विथ हिज अंकल" केले, तर तो तेथे काही दिवसांपुरता राहतो आहे असे सूचित होते. लेखकाने पहिले रूप का निवडले याचे उत्तर मजकुरातच शोधावे. शेवटी त्या परिच्छेदावर तीन-चार प्रश्न तयार करावेत आणि पुस्तक मिटून त्यांची तोंडी उत्तरे द्यावीत.

वर्तमानकाळ भविष्यासाठीही वापरतात हे खरे आहे का?

होय. वेळापत्रकासाठी साधा ("द ट्रेन लीव्ह्ज ऍट सिक्स") आणि आधी ठरवलेल्या भेटीगाठींसाठी चालू ("आयम मीटिंग हर टुमॉरो"). "व्हेन" किंवा "इफ" ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात भविष्याचा अर्थ असला तरी वर्तमानकाळच ठेवतात : "व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम."

बोलताना होणाऱ्या चुका कोणी आणि केव्हा दुरुस्त कराव्यात?

वाक्य चालू असताना टोकू नये. बोलणे संपल्यावर सोबत्याने टिपून ठेवलेली दोन-तीन वाक्ये दाखवावीत, आणि शक्यतो ज्याची चूक आहे त्यालाच ती सुधारायला सांगावी. संवादाच्या ओघात चुकीचे वाक्य बरोबर रूपात परत म्हणणे हा आणखी सौम्य मार्ग आहे : "शी डोन्ट लाइक इट" यावर "ओह, शी डझन्ट लाइक इट? व्हाय?"

भराभर बोलणाऱ्यांची वाक्ये ऐकताना काळ कसा ओळखावा?

बोलण्यात "ही इज" आणि "ही हॅज" दोन्ही आखडून "हीज" होतात, त्यामुळे काळ पुढच्या शब्दावरून ओळखावा लागतो. "हीज गोइंग" म्हणजे "इज", "हीज गॉन" म्हणजे बहुधा "हॅज", "हीज बीन वेटिंग" म्हणजे नक्कीच "हॅज". आपण स्वतःही "आय ऍम" सुटे न म्हणता "आयम" म्हणण्याची सवय लावली तर कान लवकर तयार होतो.

"ऑलवेज", "नाऊ" यांसारखे शब्द पाहून परीक्षेत काळ ठरवला तर चालते ना?

बहुतेक वेळा चालते, परंतु प्रत्यक्ष बोलण्यात त्यावर विसंबता येत नाही. "ऑलवेज" दिसला की साधा वर्तमानकाळ, हे समीकरण "ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज" या वाक्याजवळ कोलमडते. येथे चालू वर्तमानकाळ बरोबर आहे आणि त्यात बोलणाऱ्याचा वैताग आहे. तेच "ही ऑलवेज लूझेस हिज कीज" म्हटले तर फक्त सवय सांगितली जाते. "नाऊ" चेही तसेच आहे : "आय अंडरस्टँड नाऊ" हे निर्दोष वाक्य आहे, कारण येथे "नाऊ" पेक्षा क्रियापदाचा स्वभाव वरचढ ठरतो. परीक्षेसाठी हे खुणेचे शब्द जरूर लक्षात ठेवावेत. मात्र उत्तर लिहिल्यावर ते वाक्य कोण, कोणाला आणि कशासाठी म्हणत असेल हे एकदा मनात आणून पाहावे.